फिलोमीजची नोंद

ब्रुकलिन, २ फेब्रुवारी २०१०

भावोजी,

तुम्ही माझा फोन उचलत नाही. भूकंपानंतर आठवडाभर लाइनच लागत नव्हती, तेव्हा मनाची समजूत घालता येत होती. आता फोन वाजतो आणि तुम्ही तो कापता. म्हणून हे पत्र विल्नेरच्या हाती देते आहे. तो आमच्या चर्चमधल्या सिस्टर क्लोतिल्दचा भाऊ. सांतो दोमिंगोपर्यंत विमानाने आणि पुढे सीमा ओलांडून औषधांच्या ट्रकमधून हैतीत, तुमच्या लेओगानला येतो आहे. माझा राग त्याच्यावर काढू नका. बिचारा फक्त टपाल वाहतो.

ताई गेल्याचं मला चर्चच्या तळघरात कळलं. आम्ही मदतीचे कपडे निवडत होतो आणि माझ्या हातात कुणाचा तरी लोकरी कोट होता. हैतीला लोकरी कोट! देणाऱ्याचं काय जातं, कपाट रिकामं झालं आणि वर पुण्य लागलं. मी त्यावर काहीतरी टवाळी करत होते, सगळ्या हसत होत्या, आणि तेवढ्यात तुमच्या शेजारणीच्या मुलीचा फोन आला. तो कोट मी किती वेळ धरून उभी होते कोण जाणे.

तुमच्या मनात काय आहे ते तुमच्या आधी मीच लिहून टाकते. ताईला टायफॉइड झाला होता, तिच्या धंद्याचा नाताळचा माल मायामीत पडून होता आणि व्हिसा फक्त तिच्याकडे होता. आमच्या दोघींत वर्षाचंच अंतर, चेहरा एक. तिचा पासपोर्ट घेऊन मी एका महिन्यासाठी गेले. तुमच्याकडे काय नवीन होतं ते! रस्त्यावरच्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी बहिणीच्या नाहीतर भावाच्या कागदावर गेलेलं आहे. विमानतळावरच्या साहेबाने फोटो बघितला, मला बघितलं आणि शिक्का मारला. त्याला आम्ही सगळ्या सारख्याच. मी माल बोटीत चढवला, आणि मी मात्र परत आले नाही.

एक महिना म्हणता म्हणता तीन वर्षं चार महिने झाले. ताईचा धंदा बसला. नवीन व्हिसा मागायला ती वकिलातीत गेली तर खिडकीतल्या माणसाने तिला सांगितलं की बाई, तुम्ही अमेरिकेतच आहात, अजून बाहेर पडला नाहीत. हे तिने मला फोनवर हसत सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत. पुढे राजधानीतली खोली सोडून तुम्ही लेओगानला आमच्या वडिलांच्या घरी आलात. तेच घर पडलं. म्हणजे ताई त्या छताखाली का होती, याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मी नाकारत नाही.

ताईच्या लेकीच्या, विस्लेनच्या पायाला लागल्याचं ऐकलं. तंबूतले डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. विल्नेरबरोबर पट्ट्या, जंतुनाशक आणि तिला आवडतं ते तिखट शेंगदाण्याचं लोणी पाठवते आहे.

आता एक विनंती. ताईच्या मृत्यूची नोंद एवढ्यात करू नका. थोडे आठवडे फक्त. इथल्या सरकारने आपल्या लोकांसाठी तात्पुरतं संरक्षण जाहीर केलं आहे. बारा जानेवारीला जो इथे होता त्याला दीड वर्ष हाकलणार नाहीत, कामाची परवानगीही देतील. माझ्याकडे बारा जानेवारीच्या आधीचा जो जो कागद आहे, भाड्याची पावती, पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचं कार्ड, त्या सगळ्यांवर ताईचं नाव आहे. तिकडे ती मेली असं कुणी लिहून ठेवलं, तर इकडे मी कोण?

परवानगीचं कार्ड मिळालं की तुमच्यासाठी उजळ माथ्याने कमवीन. तोवर थांबा.

तुमची मेहुणी


ब्रुकलिन, १४ फेब्रुवारी २०१०

भावोजी,

विल्नेरने फोनवर सांगितलं की तुम्ही पत्र वाचलंत आणि नोंद केलेली नाही. तुमचे उपकार कसे फेडू?

अर्ज गेला. चर्चच्या सभागृहात वकीलबाई बसतात, पैसे घेत नाहीत. रांग इतकी की लोक सकाळी सहापासून घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. गेल्या वर्षापर्यंत एकमेकांना 'मी कधीच नागरिक झालो' म्हणून ऐटीत सांगणारे तीन जण त्या रांगेत दिसले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. बोटांचे ठसे द्यायला मला अठरा तारखेला बोलावलं आहे.

सामानाचा निळा ड्रम परवा बोटीने रवाना केला. त्यात तांदूळ, लाल राजमा, तेल, सुकी मासळी, ताडपत्री, विस्लेनच्या मापाचे दोन फ्रॉक आहेत. बुटांचा जोड मी आधी घातला होता, नंतर काढला. मग पुन्हा घातला. तिचा पाय बरा झाला की लागतीलच.

आज चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना झाली. ज्याच्या घरचं कुणी गेलं त्याने चिठ्ठीवर नाव लिहून पास्टरना द्यायचं. सिस्टर क्लोतिल्द माझ्याजवळ येऊन म्हणाली, "फिलोमीज, तुझ्या बहिणीचं नाव दे की गं." इथे मला सगळे फिलोमीजच म्हणतात. मी ज्या म्हातारीची देखभाल करते ती मिसेस फेल्डमनसुद्धा मला 'फिल' अशी हाक मारते. तर मला ताईचं नाव देता येईना. फिलोमीज तर समोर उभी आहे, ती मेली कशी? मी चिठ्ठीवर लिहिलं: ओदिल.

पास्टरनी माझं नाव मोठ्याने वाचलं. अख्खं चर्च उभं राहिलं आणि सगळ्यांनी माझ्या आत्म्याला शांती मागितली. बायका मला मिठ्या मारत होत्या. क्लोतिल्द म्हणाली, "तुझी ओदिल चांगली होती का गं?" मी म्हटलं, "नव्हती. पण माझीच होती." ती रडायला लागली.

ताईच्या नावाने मला रडता आलं नाही. घरी येऊन भोपळ्याचं सूप केलं, ताई करायची तसं, आणि भांडं तसंच झाकून ठेवलं.

तिला तुम्ही परसात, आंब्याच्या झाडापाशी पुरलंत असं शेजारीण म्हणाली. स्वतः खड्डा खणलात म्हणे. सामुदायिक खड्ड्यात जाऊ दिली नाहीत, हे फार मोठं केलंत. विस्लेनला सांगितलंत का? ती तेव्हा तंबूत होती, तिने काही पाहिलं नसेल.

तुमची मेहुणी


ब्रुकलिन, १ मार्च २०१०

भावोजी,

विस्लेनचा पाय गुडघ्याखाली कापला हे क्लोतिल्दकडून कळलं. ती मला वेगळंच काहीतरी सांगायला आली होती, ते तिच्या तोंडातून निसटलं. तिला वाटलं मला माहीत असेल.

तुम्ही मला का नाही कळवलंत? नऊ वर्षांची पोर! आणि पाय वाचवायला तिला फ्लोरिडाच्या इस्पितळात नेणारं विमान तयार होतं, यादीत तिचं नाव होतं असंही क्लोतिल्द म्हणते. मग नेलं का नाही? म्हणे आईची सही हवी होती, नाहीतर आईच्या मृत्यूचा दाखला. परकी माणसं मुलांना गाडीत घालून सीमेपलीकडे नेताना पकडली गेली, तेव्हापासून कागदाशिवाय कुणी मूल हलवू देत नाही, हे मी बातम्यांत पाहिलं आहे. पण डॉक्टरांना डोळे नाहीत का? बाप समोर उभा आहे, मूल बापाच्या गळ्यात आहे, आणि यांना कागद हवा!

तुम्ही त्यांच्याशी भांडायला हवं होतंत. माझ्यासारखीने तो तंबू डोक्यावर घेतला असता.

कुणी मला फोन करायचा प्रयत्न केला असेल तर तो लागला नसेल. त्या आठवड्यात माझा फोन मिसेस फेल्डमनच्या आंघोळीच्या पाण्यात पडला होता. चार दिवस बंदच होता.

ठसे देऊन झाले. दहाही बोटं काचेवर ठेवायची, शाईबिई काही लागत नाही. तिथला माणूस म्हणाला, "फिलोमीज, हात सैल सोडा." दोन-तीनदा म्हणाला.

ड्रम बंदरात अडकला आहे. शेकड्यांनी ड्रम उन्हात पडलेत म्हणे, सोडवायला माणूस नाही. बूट त्यातच आहेत. ते तुम्ही विस्लेनच्या नजरेला पडायच्या आधी काढून घ्या.

कुबड्या पाठवते आहे. लहान मुलांच्या, खालीवर करता येणाऱ्या. चर्चला कुणीतरी दान दिल्या होत्या, मी सगळ्यांच्या आधी उचलल्या.

ओदिल


ब्रुकलिन, २१ मार्च २०१०

भावोजी,

विल्नेर परत आला. आज प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर त्याने मला बाजूला घेतलं आणि तुमचा निरोप सांगितला. तुम्ही म्हणालात तसाच सांगतो म्हणाला, आणि शाळेत कविता म्हणतात तसा डोळे मिटून म्हणून दाखवला.

"तिला सांग, फोन पाण्याबिण्यात पडला नव्हता. नर्सनं स्पीकर लावला होता, मी तिथंच होतो. पोरगी खाटेवर होती. तिनंही ऐकलं. आता ती म्हणते आई जिवंत आहे, अमेरिकेत आहे, बाबा खोटं बोलतात. आंब्याखाली न्यायला गेलो तर किंचाळते. नोंद करायचं नाव काढलं की जेवत नाही. मी बायको पुरली, पोरीचा पाय पुरला, आता हे माझ्यानं होत नाही. तिला म्हणावं फोन कर आणि पोरीला सांग तू कोण आहेस ते. एवढं तरी कर."

सगळं सांगून विल्नेर म्हणाला, "तुम्ही कोण आहात, सिस्टर?" मी पायऱ्या उतरून चालू लागले.

हो. फोन पाण्यात पडला नव्हता. बुधवार होता, सतरा तारीख, दुपारचे बारा. मी मिसेस फेल्डमनला सूप भरवत होते. नर्स म्हणाली, "मादाम फिलोमीज का? विस्लेनच्या आई?" एका क्षणात मला सगळं समजलं, भावोजी. तुम्ही माझं ऐकून नोंद केली नव्हती. कागदावर ताई अमेरिकेत होती, तर अमेरिकेतली ताई सही करील असा सरळ हिशेब तुम्ही मांडलात. मला आधी सांगावं असंही तुम्हाला वाटलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काय होतं? मी 'हो' म्हणायचं, बस.

आणि मी म्हणाले, "राँग नंबर. मला मूलबाळ नाही."

कारण सांगते. ते ऐकून तुम्ही थुंकाल, तरी सांगते. अर्ज भरताना वकीलबाई पटापट विचारत होत्या. नाव? फिलोमीज. जन्म? ताईचा सांगितला. लग्न? नाही. मुलं? नाहीत. नाव आणि जन्मतारीख सांगेपर्यंत मी ताई होते, आणि पुढच्याच प्रश्नांना माझी मी झाले. जिभेवर जे खरं होतं तेच बाहेर पडलं. ताईला नवरा आहे, मुलगी आहे, हे मला आठवलंच नाही असं नाही. मी ताई आहे हे मी त्या घटकेला विसरले. घरी आल्यावर लक्षात आलं. पण म्हटलं, कोण बघतंय!

मग ठशांच्या आदल्या दिवशी फोन. मी सही केली तर फिलोमीज नावाच्या बाईला एक मुलगी आहे असा कागद अमेरिकेच्या सरकारकडे जाणार, आणि त्याच बाईला मूल नाही असा कागद तिथे आधीच पडलेला. दोन्ही कागद शेजारी ठेवायला किती वेळ लागतो? मला हातकड्या दिसल्या, विमान दिसलं. माझ्याच जिवाची भीती वाटली. विस्लेनच्या पायाची वाटली नाही. वाटायला हवी होती, पण त्या घटकेला नाही वाटली. नर्सने "माफ करा" म्हटलं आणि फोन ठेवला. मी मिसेस फेल्डमनला उरलेलं सूप भरवलं.

पोर ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर वेगळं वागले असते का? हे मी स्वतःला रोज विचारते आणि रोज नवीन उत्तर देते.

विल्नेर म्हणतो, एप्रिलच्या शेवटी दुसरं विमान आहे. कृत्रिम पाय बसवायला मुलांना नेणार आहेत. अट तीच, दाखला किंवा सही.

मला थोडे दिवस द्या. वकीलबाईंशी बोलते आणि मग विस्लेनला फोन करते.

ओदिल


ब्रुकलिन, ५ एप्रिल २०१०

भावोजी,

हे पत्रही विल्नेरच नेतो आहे. आता त्याला सगळं माहीत आहे. मी कोण ते त्याला सांगितलं, क्लोतिल्दला सांगितलं. क्लोतिल्द म्हणाली, "म्हणजे आम्ही जिच्यासाठी प्रार्थना केली ती तू?" मग म्हणाली, "फुकट नाही गेली म्हणायची." तिचं तोंड असंच आहे. पण जाताना तिने मला बरोबर नेऊन जेवू घातलं.

कार्ड गुरुवारी आलं. त्यावर माझा फोटो आणि ताईचं नाव आहे. पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत चालतं. मी ते एकदा सबंध रस्ताभर हातात घेऊन फिरले, उगाचच. एक पोलिसाची गाडी शेजारून गेली आणि मी मान खाली घातली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी फार सहज सोडलं असं वाटेल.

शनिवारी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. अर्ज मागे घ्यायचा, कार्ड परत करायचं आणि माझ्या नावाने नवा अर्ज करायचा, म्हणाल्या. पण ओदिल नावाची बाई बारा जानेवारीला इथे होती याला पुरावा काय? पावत्या, पगार, दवाखाना, सगळीकडे ताई. माझा स्वतःचा जन्मदाखला ज्या कचेरीत होता ती कचेरीच पडली. त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू. पण मी तुम्हाला आशा दाखवणार नाही." आणि खोटा अर्ज केल्याबद्दल मला उचलून विमानात बसवूही शकतात. मी विचारलं, "काही न करता गप्प बसले तर?" त्या म्हणाल्या, "तर तिकडे दाखला निघायला नको."

काल ईस्टरची प्रार्थना झाल्यावर मी चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसून फोन केला. तुम्ही उचललात, "थांब" एवढंच म्हणालात आणि तिच्या हातात दिलात. तुमचा आवाज किती म्हातारा झाला आहे! पुढचं तुम्ही फक्त एका बाजूने ऐकलंत, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

ती म्हणाली, "आई?"

मी म्हटलं, "नाही गं राणी. मी ओदिल मावशी."

मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता, कुणीतरी खिळे ठोकत होतं. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. आई कशाला राँग नंबर म्हणेल?"

भावोजी, तोंडात मारलेली बरी. मी विचारलं, "मग फोनवर आई होती असं बाबांना का सांगितलंस?"

"आई आहे म्हटलं की बाबा कागद करत नाहीत. कागद केला की ती मेली."

तुम्ही आणि मी जे एकमेकांशी बोललो नाही, ते ती पोर एकटी खाटेवर पडून करत होती. मला कागद नको होता, तिलाही नको होता. माझं कारण घाणेरडं होतं आणि तिचं नव्हतं, एवढाच फरक.

मी म्हटलं, "विस्लेन, कागद नाही केला तरी ती गेलेलीच आहे. बारा तारखेलाच गेली, संध्याकाळी. बाबांनी तिला स्वतः नेलं. आंब्यापाशी आहे ती. बाबा एकदाही खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. विचारलं, "दुखलं का तिला?" मला माहीत नाही, आणि मी तसंच सांगितलं. मग म्हणाली, "तू येशील इकडे?" खोटं बोलायचं नाही असं ठरवून फोन केला होता, म्हणून 'हो' म्हणता आलं नाही. पाठवून दिलं तर येईन, असं म्हणाले. ती म्हणाली, "मग पाठवू देत."

नोंद करा. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी जा, माझं पुन्हा काही ऐकत बसू नका. मी उद्या सकाळी वकीलबाईंकडे कार्ड देते आहे. तुम्हाला वाटेल ही पुन्हा पलटी मारील, म्हणून त्यांनी सही केलेल्या पत्राची प्रत विल्नेरकडे देते. ती बघून मगच जा हवं तर.

कचेरीत ताईची माहिती विचारतील. पासपोर्ट माझ्यापाशी आहे, आणि जन्मतारीख तुम्हाला नक्की आठवणार नाही. तिच्या वाढदिवशी तुम्ही दर वर्षी आठवडाभर उशिरा गोडधोड आणायचात, तिने मला सांगितलं आहे. मला सगळं तोंडपाठ आहे. या तीन वर्षांत दवाखान्यात, बँकेत, घरमालकाला, जिथे विचारलं तिथे मीच सांगत आले. लिहून घ्या.

नाव फिलोमीज. जन्म ९ मे १९७५, लेओगान. बापाचं नाव सेनेक, आईचं नाव इरानी. धंदा कापड आणि चपलांचा व्यापार. लग्न झालेलं, नवऱ्याचं नाव तुमचं, द्येबों. मृत्यू १२ जानेवारी २०१०.

मुलं किती, असं विचारतील. एक आहे म्हणून सांगा, आणि तिचं नाव स्पष्ट लिहून घ्या.

ओदिल